चिरलेलं वांगं आणि कोरा चहा

विळीवर वांगं चिरून दोन-चार मिनिटं तसंच राहिलं, की पांढऱ्या गराच्या कडा आधी तांबूस होतात, मग तपकिरी. म्हणून जळगाव-धुळ्याकडे वांगी चिरायला बसताना शेजारी पाण्याचं भांडं असतंच. फोड झाली की थेट पाण्यात. केळीचंही तसंच. रावेर-यावलच्या मळ्यातून निघालेला घड वाटेत जिथे घासला किंवा दबला, तिथे काळा डाग उमटतो आणि त्या डागापायी भाव पडतो. फळाभाजीतला हा काळेपणा खानदेशाला अजिबात नको असतो. आणि त्याच खानदेशात पहाटेच्या अंधारात जो बिनदुधाचा चहा पेल्यात उतरतो, त्याचा रंग, त्याचा वास, त्याचा तुरटपणा हे सारं नेमकं त्याच काळेपणातून आलेलं असतं. वांग्याच्या फोडीवर जे आपोआप घडतं, तेच आसामातल्या पानात मुद्दाम घडवलेलं असतं. क्रिया तीच, विकरही त्याच कुळातलं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

झाडाच्या पेशीत बारीक कप्पे असतात. एका कप्प्यात पॉलिफिनॉल नावाची तुरट संयुगं साठवलेली असतात, दुसऱ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर. पेशी धड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळी फिरली, पान चुरगळलं, घड आपटला, की कप्पे फुटतात, दोघं एकमेकांत मिसळतात, हवेतला प्राणवायू त्यांना येऊन मिळतो आणि रंग नसलेल्या संयुगांपासून रंगीत संयुगं तयार होऊ लागतात. पाण्यात टाकलेली फोड पांढरी राहते, कारण तिला हवा कमी मिळते.

चहाच्या कोवळ्या पानात ही तुरट संयुगं भरपूर असतात, वाळलेल्या वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. खुडलेलं पान आधी काही तास पसरून मऊ करतात. मग ते दातेरी रुळांच्या जोड्यांमधून जातं. दोन्ही रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे पान एकाच वेळी चिरडलं जातं, फाटतं आणि गोळीसारखं वळतं. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच त्या चहाला सीटीसी म्हणतात. हे यंत्र विल्यम मॅकरचर यांनी १९३० साली आसामातल्या अमगुरी मळ्यात पहिल्यांदा चालवलं. रुळांतून निघालेला हिरवा चुरा हवेत पसरला की तासाभरात त्याचा रंग तांब्यासारखा होतो आणि कच्च्या पाल्याचा वास जाऊन फळासारखा गोडसर वास सुटतो. कारागीर त्या रंगावर आणि वासावर नजर ठेवून असतो. क्षण आला, की चुरा कडक गरम हवेत जातो, विकर मरतं आणि क्रिया तिथेच थांबते. थोडं आधी थांबवलं तर चहा हिरवट, कडवट. उशीर झाला तर फिका, मेलेला.

आता भरीत आठवा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदच्या परिसरातलं ते मोठं, हिरवट-पांढरं वांगं आपण चिरत नाही. ते अख्खंच काड्यांच्या जाळावर टाकतो. आत उष्णता पोचते, विकर आधी मरतं, पेशी नंतर फुटतात. म्हणून साल काढून लाकडी मुसळीने ठेचलं तरी गर हिरवट-पांढराच राहतो. हिरवा चहा असाच करतात: पान आधी वाफेवर किंवा तापल्या कढईत घालून विकराला मारायचं आणि मग वळायचं. काळ्या चहाला चिरलेल्या वांग्याची वाट, हिरव्या चहाला भरताची. आपल्या आयाआज्या या दोन्ही वाटा हाताने ओळखत होत्या; आसामातले चहाचे मळे मात्र खानदेशापासून दोन हजार किलोमीटरवर.

काळ्या चहात जे रंग तयार होतात त्यांची दोन मोठी कुळं आहेत. इ. ए. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्यांचा छडा लावला. थिआफ्लेविन हे नारिंगी-लालसर, पेल्याच्या कडेला जी सोनेरी झळाळी दिसते ती त्याची, आणि जिभेवरचा तरतरीत चटकाही. थिआरुबिजिन हे गडद तांबूस-तपकिरी. चहाचा अंगचा रंग आणि जडपणा यांचा. या दुसऱ्या कुळात हजारो वेगवेगळी संयुगं आहेत आणि इतकी वर्षं झाली तरी त्यांचा पुरता उलगडा झालेला नाही. टपरीवर पाच-दहा रुपयांत मिळणाऱ्या पेल्यात रसायनशास्त्राला अजून न सुटलेलं कोडं तरंगत असतं. दूध घातलेल्या चहातही हीच पत्ती, हेच रंग. फक्त दुधाने ते झाकलेले. कोऱ्या चहात ते उघडे दिसतात, म्हणून चहा समजून घ्यायचा तर कोऱ्यापासूनच सुरुवात करावी.

हा चहा खानदेशात पोचायला वेळ लागला. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस याला सिंगफो जमातीचा प्रमुख बिसा गाम याच्यामुळे आसामातली चहाची झाडं समजली, १८३९ साली आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला, आणि पुढची कित्येक दशकं हा माल परदेशासाठीच पिकत राहिला. भुसावळला रेल्वे आली १८६० च्या दशकात, पण गाडीत बसणाऱ्या सामान्य माणसाच्या तोंडी तेव्हा चहा नव्हता. पुण्यात तर १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे चहा आला, त्यांची नावं गोपाळराव जोशींनी वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आलं. वाद मिशनऱ्यांच्या हातच्या चहाचा होता.

आपल्याकडे चहा घरोघर गेला तो विसाव्या शतकात, आणि आपसूक गेला नाही. १९०३ साली चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा याचे एनॅमलचे फलक देशी भाषांत लागले. गिरण्यांत, खाणींत कामगारांना चहाची सुट्टी आणि चहाचे ठेले आले. त्या प्रचारकांना आपल्या चहावाल्यांचा राग येई, कारण ते पत्ती कमी आणि दूध-मसाला जास्त घालत. पाणी उकळून पत्तीवर ओता, झाकून ठेवा, मग गाळा, असं त्यांचं सांगणं. आपण ऐकलं नाही. भगुन्यात सगळं एकत्र उकळलं. स्वातंत्र्यानंतर सीटीसीची स्वस्त, दाणेदार पत्ती गावोगाव पोचली आणि चिमूटभर पत्तीत गडद चहा होऊ लागला, तेव्हा तो खऱ्या अर्थाने गरिबाचा झाला. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के आपण स्वतःच पितो.

गांधीजी चहाच्या विरोधात होते. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा ते तिथे आले होते. पुढे १९४२ साली आरोग्याविषयी लिहिताना त्यांनी उकळलेल्या चहातल्या टॅनिनला दोष दिला आणि सांगितलं की प्यायचाच तर उकळतं पाणी पत्तीवर ओतून लगेच गाळा, रंग वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळसर हवा. त्यांची चहाबंदी लोकांनी मानली नाही. पण त्यांच्या कृतीत शास्त्र होतं, ते पुढे येईलच.

खानदेशात चहाचा दिवस अंधारात सुरू होतो. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते, म्हणून केळीला पाणी द्यायला माणसं पहाटे मळ्यात असतात. केळी कापणाऱ्या मजुरांच्या टोळ्या उन्हाआधी निघतात. भुसावळला रेल्वेच्या पाळ्या बदलतात. त्या वेळी घरात दूध आलेलं नसतं, आणि कोरा चहा दुधावाचून अडत नाही: पाणी, पत्ती, साखर, जमलं तर आल्याचा तुकडा किंवा परसातल्या गवती चहाची दोन पाती. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या पाड्यांवर तर अनेक घरांत दिवसभर हाच चहा. पाहुण्याला तो देताना कुणी ओशाळत नाही, ओशाळण्यासारखं त्यात काही नाहीच.

त्या पहिल्या घोटाने डोळे उघडतात ते कॅफिनमुळे. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि तो आपल्या जागी बसला की सुस्ती येते. कॅफिनचा आकार त्याच्याशी इतका मिळताजुळता की ते त्या जागा आधीच अडवून बसतं. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप पोचत नाही. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांतून वेगळं केलं. १८२७ मध्ये चहातून जे सापडलं त्याला आधी निराळं नाव दिलं गेलं आणि अकरा वर्षांनी कळलं की दोन्ही एकच. चहाच्या झाडासाठी मात्र ते कीड दूर ठेवणारं विष आहे. झाडाने किड्यासाठी केलेली तजवीज माणसाला पहाटे उठवते.

आता गांधीजींच्या कृतीकडे येतो. पत्ती उकळत्या पाण्यात पडली की कॅफिन झपाट्याने बाहेर येतं. सीटीसीच्या बारीक दाण्यातून तर पहिल्या तीन-चार मिनिटांतच बहुतेक येऊन जातं. तुरट संयुगं मात्र त्यानंतरही झिरपत राहतात. म्हणजे दहा मिनिटं खळखळा उकळलेल्या चहात तरतरी फारशी वाढत नाही, तुरटपणा वाढतो. दुधाच्या चहात हे खपतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरट संयुगांना पकडून ठेवतं, त्यामुळे ती आपल्या तोंडाला लागत नाहीत. कोऱ्या चहात केसीन नाही, म्हणून ती संयुगं आपल्या लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, ओढल्यासारखी होते. तुरट ही जिभेची चव कमी आणि तोंडात घडणारी एक घटना जास्त. तेव्हा कोऱ्या चहाला माझा साधा नियम: पाणी पुरतं उकळू द्या, गॅस बंद करा, पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. चहा पारखणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असं प्रमाण आहे, पण ते चहाचे दोष उघडे पाडण्यासाठी, पिण्यासाठी नाही. घरी पेलाभर पाण्याला सपाट चमचाभर पत्ती पुरे.

दुपार झाली की मला सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट सुरू होते. मे महिना आहे, जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या घरात आहे, डांबर मऊ झालंय, आणि टपरीवर माणसं वाफाळता चहा पीत उभी आहेत. बाहेरगावचा माणूस विचारतोच, या उन्हात गरम चहा? त्याला आपल्याकडून ठरलेलं उत्तर मिळतं की गरम चहाने गरमी कमी होते. हे उत्तर ऐकून अनेकजण हसतात. ते खरं आहे, आणि खानदेशात तर फारच खरं आहे.

हिशेब करून पाहू. कोऱ्या चहाचा १५० मिलिलिटरचा पेला ६० अंशांवर असताना प्यायला. शरीर ३७ अंशांवर. म्हणजे प्रत्येक ग्रॅममागे २३ उष्मांक शरीरात आले; एकूण साधारण ३,४५० लहान उष्मांक, आहारातल्या भाषेत साडेतीन कॅलरी. आता घाम. एक ग्रॅम घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. म्हणजे पेल्याने आणलेली सगळी उष्णता परतवायला फक्त सहा ग्रॅम जास्तीचा घाम पुरतो. सहा ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याहून किंचित अधिक! टपरीवरच्या कटला त्याच्या निम्माच. आणि गरम द्रव पोटात जाताच तिथल्या उष्णतेच्या संवेदकांकडून घामाचा हुकूम सुटतो, तो आलेल्या उष्णतेच्या मानाने मोठा असतो. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात सायकल चालवणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी पाजून हे मोजलं गेलं, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं: ५० अंशांचं पाणी प्यायलेल्यांच्या अंगात थंड पाणी प्यायलेल्यांपेक्षा कमी उष्णता साठली होती.

यात एक अट आहे आणि सारी मौज त्या अटीत आहे. घाम पुरता वाळला पाहिजे. टपकून खाली पडलेला घाम काही कामाचा नाही. कोकणात किंवा मुंबईत हवाच ओली, घाम अंगावर चिकटून राहतो, तिथे गरम चहा खरोखर गरमच करतो. खानदेशातल्या उन्हाळी दुपारी हवा इतकी कोरडी असते की अनेकदा आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. दोरीवरचं धोतर बघता बघता वाळतं, अंगावरचा घाम तर दिसण्याआधीच उडून जातो. ज्या कोरडेपणाने आपण हैराण होतो, तोच चहाला थंडावा देणारं पेय बनवतो. तापीकाठच्या माणसाने हे प्रयोगशाळेविना ओळखलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मात्र ही गोष्ट अर्धी सांगून चालणार नाही. घाम यायला अंगात पाणी हवं. चहाने शरीर सुकतं ही समजूत चुकीची आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला २४० मिलिलिटरचे चार ते सहा कप काळा चहा आणि तेवढंच पाणी यांची तुलना केली, तेव्हा शरीरातल्या पाण्याच्या मोजमापांत फरक सापडला नाही. पण एका कटमध्ये पाणी असतं ते किती? शेतात, सराफ बाजाराच्या रस्त्यावर, एमआयडीसीच्या पत्र्याखाली काम करणाऱ्याने चहाआधी तांब्याभर पाणी प्यावंच. आणि उन्हात घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं, तर चहा नाही, सावली आणि दवाखाना.

बशीत चहा ओतण्यामागेही बाष्पीभवनच आहे. पेल्यात चहाचा पृष्ठभाग बोटभर, बशीत तळहाताएवढा. पृष्ठभागावरून जे पाणी वाफ होऊन जातं ते उरलेल्या चहाची उष्णता घेऊन जातं. वर फुंकर घातली की साचलेली वाफ हटते आणि नव्या वाफेला जागा होते. चहा निवतो आणि माणूसही निवतो, दोन्ही एकाच नियमाने.

जेवणावरच्या चहाबद्दल मात्र मला काळजीने लिहावंसं वाटतं. हिवाळ्यात शेतात भरताची पंगत बसते, कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, आणि हात धुतले की कोरा चहा फिरतो. शेवभाजीवर तर तो हवाच वाटतो, तेलकट तोंड तो स्वच्छ करतो. पण लाळेतल्या प्रथिनांना पकडणारी तीच तुरट संयुगं पोटात अन्नातल्या लोहालाही पकडतात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह असंही शरीरात जेमतेम शिरतं. सोबत चहा असला की त्यातलाही बराच भाग वाया जातो. हे १९७० च्या दशकापासून मोजून सिद्ध झालेलं आहे. दुधाच्या चहालाही ते लागू आहे, पण कोऱ्याकडे आपण औषधी म्हणून पाहतो, म्हणून जास्त सांगावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. त्यांच्या ताटातली कळण्याची भाकरी अंगी लागायची असेल तर चहा जेवणानंतर निदान तासाभराने. चहा सोडायला कुणी सांगत नाही, फक्त तास पुढे ढकलायचा आहे. आणि ताटात लिंबाची फोड असू द्या. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला आत शिरायला मदत करतं.

लिंबाचं निघालंच आहे तर काचेच्या पेल्यात कोरा चहा घ्या आणि त्यात लिंबाचे पाच-सहा थेंब पिळा. गडद तांबूस चहा डोळ्यांदेखत सोनेरी होतो. पातळ झाला म्हणून नाही, थेंबांनी कितीसं पाणी वाढणार! थिआरुबिजिन ही सौम्य आम्लं आहेत. लिंबाचं आम्ल मिळालं की त्यांच्या रेणूंवरचा विद्युतभार बदलतो आणि ती प्रकाश कमी शोषतात. दुसऱ्या पेल्यात चिमटीभर खाण्याचा सोडा टाका, चहा काळाकुट्ट होईल. हा पिण्याचा नाही, पाहण्याचा.

बोअरच्या पाण्याच्या कोऱ्या चहावर थोड्या वेळाने एक पातळ तपकिरी पापुद्रा धरतो, पेला कलंडला की त्याला चिरा जातात. खानदेशात बऱ्याच ठिकाणी पाणी जड, म्हणून हा पापुद्रा आपल्या ओळखीचा. लोक म्हणतात पत्तीत भेसळ आहे. हा पापुद्रा मात्र पाण्याचा असतो. पाण्यातलं कॅल्शियम, हवेतला प्राणवायू आणि चहातली तुरट संयुगं मिळून पृष्ठभागावर तो जाळीसारखा विणला जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं, आणि अगदी २०२१ मध्ये झुरिकमधल्या संशोधकांनी त्या पापुद्र्याची ताकद मोजली. लिंबू पिळलं की तो धरतच नाही. म्हणजे रशियात असो की रावेरला, लिंबाचा चहा आवडण्याला चवीखेरीज हेही कारण आहे.

गुळाच्या चहाचं एका वाक्यात सांगण्यासारखं आहे: गुळात थोडी आंबट बाजू आणि क्षार असतात, तापलेलं दूध त्यांनी नासतं, आणि म्हणून जुन्या पिढीतला गुळाचा चहा बहुतेक कोराच असे.

मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही. अनेक गावांत अशा वेळी शेजारच्या घरातून किटलीभर कोरा चहा येतो. कुणी आग्रह करत नाही, कुणी नको म्हणत नाही. त्या चहात साखर असते म्हणून रडून थकलेल्या माणसाला थोडं बळ येतं, हे शरीराचं कारण. शेजाऱ्याने न सांगता चूल पेटवली, हे मोठं कारण. तिथे चहाचा रंग आणि कॅफिन यांचा हिशेब मी करणार नाही.

संध्याकाळी धुळ्यात, जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, ट्रक थांबतात. रात्रभर स्टिअरिंगवर बसणाऱ्याला कडक कोरा चहा हवा असतो, आणि त्याला तो कामाचाही आहे, झोपेला पर्याय म्हणून मात्र नाही. घरी झोपणाऱ्याने वेगळा विचार करावा. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. सातचा चहा रात्री बारालाही निम्मा अंगात असतो. ज्यांना अंथरुणावर कूस बदलत पडावं लागतं त्यांनी शेवटचा चहा पाचच्या आत आटपावा आणि नंतर हवाच असेल तर पत्ती न घालता नुसत्या गवती चहाचं, आल्याचं पाणी उकळावं. त्या गवताचं आणि चहाच्या झाडाचं काहीही नातं नाही, त्यात कॅफिन नसतं.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा आणखी एक गोष्ट सहज पाहता येते. रात्री उरलेला कडक कोरा चहा, साखर न घातलेला, काचेच्या पेल्यात झाकून ठेवा. सकाळी तो गढूळ, मळकट झालेला दिसेल. लोक नासला म्हणून ओतून देतात. तो नासलेला नसतो. गरम चहात कॅफिन आणि थिआफ्लेविन वेगवेगळी विरघळलेली असतात. गार झाल्यावर ती एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यातून बाहेर येतात. तोच पेला पुन्हा तापवा, चहा आरपार स्वच्छ होईल. हे एकदा घरातल्या मुलांना शेजारी उभं करून दाखवाच. आणि हेही सांगा, की गार झाल्यावर जो चहा लवकर आणि दाट गढूळतो, तो चहा पारखी लोक चांगल्या प्रतीचा समजतात.